तांब्याची पट्टी

प्रणोतीनं भांडणं सोडलं, हे घरात सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं. येणारच होतं. आमच्या घरात भांडकुदळ म्हणून माझं नाव आहे, आणि माझ्यानंतर ही गादी माझी भाचीच चालवणार यावर सगळ्यांचं एकमत होतं. भाजीवाला, ऑटोवाला, बँकेतला कॅशियर, नेपियर टाउनच्या ज्या कोचिंगमध्ये मी गणित शिकवते तिथला मालक, कुणाशीही मी हुज्जत घालू शकते आणि मला त्याची लाज वाटत नाही. जो भांडतो त्याला अजून काहीतरी हवं असतं, असं माझं मत आहे. प्रणोतीला बाराव्या वर्षी अचानक काहीच हवंसं वाटेना, आणि लोक म्हणायला लागले की पोरगी किती समजूतदार झाली.

आधी असं नव्हतं. जबलपूरच्या गढा भागातल्या आमच्या घरात खाली मी आणि माझे वडील अण्णा राहतो, वर माझा धाकटा भाऊ अनुपम, त्याची बायको मनीषा आणि त्यांची दोन मुलं, प्रणोती आणि आल्हाद. आल्हाद तिच्याहून चार वर्षांनी लहान. ऑटोतल्या कडेच्या जागेवरून, तव्यावरच्या शेवटच्या धिरड्यावरून, पंख्याच्या बरोबर खाली कुणी झोपायचं यावरून त्यांची रोज जुंपायची. मी खाली पेपर तपासत बसलेली असले की नुसत्या आवाजावरून कोण जिंकतंय ते मला सांगता यायचं. बहुतेक वेळा प्रणोतीच जिंकायची, आणि आल्हाद हरल्यावर रडत खाली यायचा नि माझ्याकडून डावपेच शिकून परत वर जायचा.

मग आल्हादला रक्ताचा कॅन्सर झाला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. नागपूरला उपचार झाले, वर्षभर बरं गेलं, आणि आजार परत आला. डॉक्टर म्हणाले, आता दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी मूळपेशी त्याच्या शरीरात घालाव्या लागतील, म्हणजे त्यातून नवं रक्त तयार होईल. आईबाबांच्या पेशी अर्ध्याच जुळल्या. प्रणोतीच्या पूर्ण जुळल्या. तो फोन आला त्या दिवशी मनीषानं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. आल्हादनं मात्र जाहीर केलं की त्याला दीदीचं काही नको, ती नंतर परत मागते. आम्ही फार दिवसांनी हसलो.

एप्रिलमध्ये नागपूरला सगळं पार पडलं. प्रणोतीला भूल देऊन कमरेच्या हाडातून पेशी काढल्या, पिशवी भरली, ती आल्हादच्या नळीतून आत सोडली. दोन-चार दिवस प्रणोती कमरेवर हात ठेवून चालली आणि मग मी तिला घेऊन जबलपूरला आले, कारण शाळा सुरू होती. अनुपम आणि मनीषा तिकडेच राहिले. पुढचे पाच महिने ही पोर माझ्याकडे आणि अण्णांकडे होती.

तीनेक आठवड्यांनी आल्हादचे तळहात लाल झाले. मग अंगभर पुरळ उठलं, पोट बिघडलं. अनुपमचा फोन आला तेव्हा आम्ही तिघं जेवत होतो, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, नव्या पेशी आल्हादच्या शरीराला ओळखत नाहीत, त्याच्याशी भांडून राहिल्या, असं डॉक्टर सांगतात. औषध सुरू केलंय, घाबरू नका. घाबरू नका म्हणणाऱ्याचाच आवाज इतका घाबरलेला होता की त्याला स्वतःलाच ते जाणवलं असावं. म्हणून तो पुढे म्हणाला, "भांडणारच ना, पेशी कोणाच्या आहेत!"

अण्णा हसले. मीही हसले. प्रणोतीनं हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि पोट भरलं म्हणून उठली.

त्यानंतरची प्रणोती म्हणजे सगळ्या गल्लीला हवीहवीशी वाटणारी मुलगी. ऑटोत कडेची जागा शेजारच्या वैभवीला द्यायची. वैभवीनं तिची बॅडमिंटनची रॅकेट मागून नेली नि मोडून आणली, तर ही म्हणाली, असू दे. भाजीत मीठ नसलं तरी चूपचाप खायची. अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत की संकटानं पोरीला शहाणं केलं. मला ते शहाणपण काही रुचत नव्हतं. रॅकेट मोडली त्या दिवशी मी तिला विचारलं की राग नाही का आला. ती म्हणाली, नाही आला. हे तिनं इतक्या घाईनं म्हटलं की मी कोचिंगमध्ये असते तर तिची वही तपासायला मागितली असती.

पण माझंही लक्ष नागपूरकडेच लागलेलं होतं. आल्हाद हळूहळू सावरत होता. पुरळ उतरलं, पोट ताळ्यावर आलं, रक्ताचे आकडे चढू लागले. सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली, सोबत लांबलचक पथ्यं दिली. मास्क, हात धुणं, बाहेरचं खाणं बंद, ताजी फुलं बंद, गर्दी बंद. मनीषानं ती फोनवर वाचून दाखवली तेव्हा आमचं धाबं दणाणलं. अण्णांचा चेहरा मात्र खुलला.

अण्णांची सगळी नोकरी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत गेली, जिथं तोफगोळ्यांत दारू भरतात त्या विभागात. तिथं आत जाताना काड्यापेटी, अंगठी, किल्ल्या, सगळं फाटकाशी ठेवायचं. चपला बदलायच्या. आणि दाराशी जमिनीत पुरलेल्या तारेला जोडलेली तांब्याची पट्टी असायची, तिला तळहात लावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. कपडे अंगावर घासून शरीरात वीज साठते, ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिची एक ठिणगी आत पडली तर पुरे. अण्णा निवृत्त झाले तरी त्यांच्यातले ते नियम काही निवृत्त झाले नव्हते. इतकी वर्षं त्यांना कामच नव्हतं, आता मिळालं.

त्यांनी वरच्या मजल्याच्या दारात लाल रंगाची रेघ मारली. चपला बदलायला बाकडं ठेवलं, शेजारी साबण, स्वच्छ टॉवेल. आणि दाराच्या चौकटीला तांब्याची एक पट्टी स्क्रूनं बसवून तिची तार थेट खाली अंगणातल्या मातीत नेली. मी अर्थातच वाद घातला. म्हटलं अण्णा, ही दारूसाठी असते, जंतूंना तिचं काय. अण्णा म्हणाले, "जंतूंसाठी नाही लावून राहिलो. पट्टीला हात लावायला माणूस क्षणभर थांबतो, जया. थांबला की त्याला आठवतं, आत काय ठेवलंय." यावर मी वाद सोडला आणि त्यांना पुढचा स्क्रू उचलून दिला.

आल्हाद घरी येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला आणि प्रणोतीला रांगेत उभं करून तालीम घेतली. फॅक्टरीत नव्या कामगारांना सांगत तेच शब्द वापरले. अंगात जे काही साठलं असेल ते इथे उतरवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. प्रणोती माझ्या पुढे उभी राहून ऐकत होती.

आल्हाद आला. डोक्यावर कोवळे केस, गाल औषधांनी फुगलेले, डोळे मात्र तेच, खोडी शोधत फिरणारे. आल्या आल्या त्यानं बहिणीला सांगितलं की तिची खिडकीशेजारची पलंगाची जागा आता त्याची, कारण तो पेशंट आहे. आम्ही सगळे श्वास रोखून स्फोटाची वाट पाहत होतो. प्रणोती म्हणाली, "हो, घे ना." आल्हादचं तोंड उघडंच राहिलं.

पट्टीला आम्ही सगळे देवळातल्या घंटेसारखा हात लावायचो नि पुढे जायचो. प्रणोती दोन्ही तळहात लावायची आणि डोळे मिटून उभी राहायची. डबा घेऊन वर जाताना मी ते दोन-तीनदा पाहिलं आणि म्हटलं, आजोबांचं मन राखत असेल. मग एके दिवशी ती शाळेतून आली तीच लाल चेहऱ्यानं. बॅडमिंटनच्या टीममधून सरांनी तिला काढलं होतं, सराव बुडाला म्हणून. मला तिनं एका वाक्यात सांगितलं आणि जिना चढून गेली. मी मागून गेले तर ही पट्टीला तळहात दाबून उभी, इतके दाबून की बोटांची टोकं पांढरी पडली होती.

मी विचारलं, "काय करून राहिली गं?"

"उतरवून राहिली."

"काय?"

"राग," ती म्हणाली. "पूर्ण उतरला की जाते आत. तू जा, आत्या."

मी तिला तिथल्याच बाकड्यावर बसवलं. ती पटकन बोलणाऱ्यातली नाही, पण मी हटणाऱ्यातली नाही, हे तिला ठाऊक होतं. पेशी काढायच्या आदल्या संध्याकाळी ती आल्हादला काचेपलीकडून भेटली होती. तिचा जुना मोबाइल त्याच्याकडे होता, आणि गेम भरायला जागा हवी म्हणून त्यानं त्यातली तिची सगळी चित्रं पुसून टाकली होती, तिनं दोन वर्षं काढलेली. ती काचेवर हात आपटून रडली होती. हे सांगताना तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"मी त्याला म्हटलं, माझं काहीच तुला देणार नाही, कधीच नाही. आणि सकाळी तेच काढलं माझ्यातून. रात्रीचा राग होता त्यात, आत्या. तो गेला त्याच्या अंगात. बाबांना पण माहिती आहे. ते म्हणालेच ना, पेशी कोणाच्या आहेत." मग म्हणाली, "त्या अजून पण त्याच्या आतच आहेत. मला राग आला तर त्यांना पण येईल."

मला जो संताप आला तो नेमका कुणाचा, हे ठरवणं कठीण होतं. अनुपमच्या त्या विनोदाचा, अण्णांच्या पट्टीचा, आम्हा सगळ्यांचा, जे पाच महिने रोज आल्हादचा ताप विचारत होतो आणि समोर बसून जेवणाऱ्या या पोरीला एकदाही नीट काही विचारत नव्हतो. त्या क्षणी ओरडायला मात्र जागा नव्हती. मी तिला जवळ घेतलं, आणि तिचं अंग किती ताठ आहे ते मला कळलं. राग दाबून ठेवायला फार ताकद लागते, आणि ती बिचारी दिवसभर तेच काम करत होती.

त्याच संध्याकाळी मी नागपूरच्या डॉक्टर विनतांना व्हिडिओ कॉल लावला. आल्हादवर उपचार करणाऱ्या त्याच. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि मला फोन प्रणोतीकडे देऊन बाजूला व्हायला सांगितलं. त्या तिला म्हणाल्या की पेशींना राग, लोभ, कालचं भांडण, यातलं काही कळत नाही. नव्या घरात गेल्यावर त्यांना इथलं सगळंच परकं वाटतं, म्हणून पुरळ येतं. प्रणोती जगातली सगळ्यात शांत मुलगी असती तरी आलं असतं. "आणि एक गोष्ट ऐक," त्या म्हणाल्या. "थोडी झटापट आम्हाला हवीच असते. त्याच्या शरीरात एखादी आजारी पेशी लपून राहिली असेल, तर तिला हुडकून काढायचं काम तुझ्याच पेशी करतात."

प्रणोतीनं सगळं नीट ऐकलं, जी मॅडम म्हणाली, थँक्यू म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि दोन्ही तळहात पट्टीला लावून डोळे मिटून उभी राहिली. डोक्याला पटलं होतं, हातांना पटलेलं नव्हतं.

घरात मग ज्यानं त्यानं आपापल्या परीनं हातपाय मारले. अनुपमनं माफी मागितली, त्यावर ती म्हणाली, असू दे बाबा. अण्णा पट्टी काढायला पेचकस घेऊन जिना चढले, तर तिचा चेहरा असा उतरला, ती अशा विनवण्या करायला लागली, की ते तसेच परत फिरले आणि पेचकस हातात धरून खालच्या पायरीवर बसून राहिले. मनीषानं तिला कुशीत घेऊन रडायला सुरुवात केली, तर लेकीनंच तिचे डोळे पुसले. मनीषा खाली येऊन मला म्हणाली, "ती मला सांभाळून राहिली, ताई. मला नको तिनं सांभाळायला. मी तिची आई आहे." मला तेव्हा पहिल्यांदाच माझ्या या अबोल भावजयीत एक भांडखोर बाई दिसली आणि बरं वाटलं.

याच सुमारास आल्हादनं बॉम्ब टाकला. त्याची शाळा अजून बंद होती, म्हणून दुपारी मी मास्क लावून त्याचं गणित घ्यायचे. एक दिवस भागाकाराच्या मधोमध त्यानं विचारलं, "आत्या, मी मरून राहिलो का?"

मी विचारलं, काहून असं वाटलं तुला.

"दीदी भांडत नाही. मी मुद्दाम तिची शेडिंगची पेन्सिल तोडली, तर म्हणते, दुसरी देऊ का? पाहुण्यांशी बोलतात तशी बोलते माझ्याशी. पिक्चरमध्ये जो मरणार असतो ना, त्याच्याशीच सगळे असं गोड बोलतात."

तो अगदी सरळ आवाजात विचारत होता. बहुतेक पुष्कळ दिवस एकटाच या प्रश्नाशी बसला असावा. आपल्या रागानं भाऊ मरेल म्हणून बहीण गप्प, आणि बहीण गप्प म्हणून भावाला वाटतं, आपण मरायला टेकलो. मी त्याला त्याचे सगळे रिपोर्ट उघडून दाखवले, आकडे वाचून दाखवले. गणिताच्या बाईकडे असतं ते धैर्य मी वापरलं आणि खरं ते सांगितलं. पुढचं मी सांगू शकत नाही, पण आज तू बरा होऊन राहिला आहेस, हे आकडे खोटं बोलत नाहीत. आणि दीदी गोड बोलते ती भीतीपोटी. तिला वाटतं, तिला राग आला तर तुझ्या आतल्या तिच्या पेशींनाही येईल आणि परत पुरळ उठेल.

तो विचारात पडला. मग त्यानं खात्री करून घेतली की आता त्याच्या अंगातलं रक्त सगळं दीदीच्या पेशींनी बनवलेलं आहे ना. मी म्हटलं हो, तुझा रक्तगटसुद्धा बदलला, पूर्वी ओ होता, आता तिच्यासारखा बी. अच्छा, म्हणाला, आणि पुन्हा भागाकाराला लागला. तो सोपा भागाकार त्यानं चुकवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की पोराचं डोकं दुसरीकडे चाललंय.

कोजागरी जवळ आली. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी पाटावर मांडायचे, गल्लीतल्या मुलींनी संध्याकाळी जमून गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत ओळखायची. खिरापत म्हणजे प्रसादाचा खाऊ. तो बंद डब्यात असतो, यजमान मुलगी डबा हलवून दाखवते आणि आवाजावरून, वासावरून बाकीच्यांनी आत काय आहे ते सांगायचं. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या मुलींना मराठी येत नाही, पण खाऊ ओळखायला त्याची अडचण पडत नाही. प्रणोतीची खिरापत कधी कुणाला ओळखता यायची नाही, ही तिची प्रतिष्ठा. आणि आल्हाद दरवर्षी कुणाच्या तरी कानात ती फोडायचा, आणि त्यावरून वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण व्हायचं.

या वर्षी प्रणोती नको म्हणत होती. मनीषानं ऐकलं नाही. डॉक्टरांना विचारून ठरलं की मुली खाली अंगणात बसतील आणि आल्हाद मास्क लावून वरच्या गॅलरीतून पाहील. शेवटच्या दिवशी आमच्याकडची पाळी होती, आणि प्रणोतीच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी काहीतरी चमकलं. तिनं आईला बाजारात पाठवून खोव्याची जिलबी आणवली, ती काळपट, जाड, आमच्या जबलपूरची. ती डब्यात ठेवली आणि सोबत एका डबीत चिंचोके घालून ती डबीही आत बसवली, म्हणजे हलवलं की खुळखुळ वाजेल आणि सगळ्या शेंगदाण्यांच्या मागे लागतील. ही युक्ती घरात फक्त आम्हाला ठाऊक होती. म्हणजे आल्हादलाही.

गाणी झाली. प्रणोतीनं डबा हलवला. मुलींनी चिक्की म्हटलं, चणे म्हटलं, मुरमुरे म्हटलं, सगळी नावं घेऊन झाली. प्रणोती मान हलवत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जुनं, दुष्ट, सुंदर हसू आलं होतं. हरलो म्हणा, ती म्हणाली. वैभवी हरलो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला.

"खोवे की जलेबी! और डिब्बी में इमली के बीज!"

सगळ्या मुलींनी माना वर केल्या. आल्हादनं वरून जीभ काढून दाखवली असावी, पण मास्कमुळे दिसली नाही.

प्रणोतीनं डबा पाटावर आपटला. "चीटर! दरवर्षी, दरवर्षी हेच करतो तू! मी आठ दिवसांपासून विचार करून राहिली आणि तू एका मिनिटात सत्यानाश केला. लाज नाही वाटत? पेशंट आहे तर काय काहीही करशील का?"

"मला तर खायला पण नाही मिळणार," तो वरून ओरडला. "ओळखू तर दे!"

"ओळखली नाही तू, चोरली! माझी जागा घेतली, पेन्सिल तोडली, माझी सगळी चित्रं डिलीट केली, दोन वर्षांची, एकदा सॉरी पण नाही म्हटला तू मला! मला इतका राग येतो ना तुझा, इतका..."

आणि ती थांबली. तोंडावर हात गेला, चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती मुलींमधून वाट काढत धावली, जिना चढली, आणि मी पोचेपर्यंत पट्टीला दोन्ही तळहात आणि कपाळ टेकून उभी होती. त्या संध्याकाळी ती काही केल्या आत गेली नाही. खाली माझ्याजवळ झोपली, आणि झोपण्याआधी मला दोनदा विचारलं की पुरळ आधी कुठे येतं. तळहातांवर, मी म्हटलं. मला माहिती होतं की तिलाही ते माहिती आहे.

सकाळी डोळे उघडले तर ती अंथरुणात नव्हती. मी वर गेले. तिनं हात धुतले होते, मास्क लावला होता, आणि पट्टीला हात न लावता लाल रेघेच्या अलीकडे उभी होती. आत दारालगतच्या पलंगावर आल्हाद नुकताच उठून बसला होता.

"हात दाखव," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही तळहात पुढे केले. तिनं वाकून पाहिले. मग उलटे करायला लावले, मग पायाचे तळवे, मग मान, मग कानामागे. तिनं त्याला शर्ट वर करायला लावला. सगळं स्वच्छ होतं. उजेडात त्याच्या अंगावर मच्छर चावल्याची एक खूण तेवढी होती, आणि तीसुद्धा तिनं बोट न लावता बराच वेळ निरखून पाहिली.

"काहीच नाही ना?" तो म्हणाला. "मला माहिती होतं. म्हणूनच तर मी केलं."

"काय केलं?"

"तुला भडकवलं. आत्या म्हणाली, तू भिऊन राहिली. मी म्हटलं, एकदा जोरात भांडून पाहू. तुझ्या पेशी आता माझ्या आहेत, त्या माझंच ऐकतात. माझा रक्तगट पण बी आहे. म्हणून तर काल मी जिंकलो." मग तो खाली पाहून म्हणाला, "चित्रांसाठी सॉरी. तेव्हा मला खूप बोर होत होतं आणि खूप भीती वाटत होती."

प्रणोती सरळ उभी राहिली. तिचे खांदे खाली आले, जणू कुणी दप्तर काढून घेतलं. मास्कच्या वर डोळे भरले आणि वाहायला लागले, आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. मला वाटलं, आता ही त्याला मिठी मारेल. माझ्या भाचीला मी अजून पुरती ओळखत नव्हते.

"जिंकला?" ती म्हणाली. "तू जिंकला? माझंच रक्त घेऊन माझ्याशीच भांडतो?"

"हो. भांडतो."

"मग ऊठ त्या जागेवरून. खिडकीची जागा माझी आहे."

"नाही उठणार. मी पेशंट आहे."

"होता. आता नुसता चीटर आहे."

ती रेघ ओलांडून आत गेली. पुढचं मी शब्दशः सांगू शकत नाही, कारण दोघं एकदम बोलत होते, आणि आवाज असे चढले की समोरच्या घरातली खिडकी पूर्वीसारखी धाडकन बंद झाली. खालून अण्णा हातात पेचकस घेऊन लगबगीनं जिना चढत आले, काय झालं, काय झालं म्हणत. मनीषा वरच्या पायरीवर बसली होती. ती केव्हा येऊन बसली ते मला कळलं नव्हतं. तिनं हात आडवा करून त्यांना अडवलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

"भांडू द्या, अण्णा," ती म्हणाली. "पुष्कळ दिवसांनी भांडून राहिलेत."

अण्णा तिच्याशेजारी बसले. मीही बसले. आम्ही तिघं तिथं बसून ऐकत राहिलो, आणि थोड्या वेळानं मी त्या दोघांना सांगितलं की प्रणोती जिंकून राहिली आहे.